श्याम आमच्या ओसरीवर

दिवाळीची सुटी जवळ आली की या सदराच्या वाचकांकडून ठराविक मजकुराची पत्रे येऊ लागतात. ‘मुले मराठी वाचत नाहीत, काय करावे?’ पूर्वी हा प्रश्न मुंबई-पुण्याकडून येई. आता संभाजीनगर आणि लातूरहूनही येतो, म्हणजे दुखणे चांगलेच पसरले म्हणायचे. यंदा त्यात एका नव्या शब्दाची भर पडली आहे. काही सुशिक्षित आयांनी मुलांना घरीच शिकवायला घेतले असून त्याला ‘होमस्कूलिंग’ असे भारदस्त नाव आहे. त्यातल्या एका बाईंनी लिहिले आहे की, इंग्रजीत एखादी गाजलेली बालकादंबरी घेतली, की तिच्या जोडीला काय चित्र काढावे, काय शिजवावे, कोणता नकाशा पाहावा याची सारी तयारी विकत मिळते. मराठीत असे काही नाही का?

विकत मिळणारे माझ्या पाहण्यात नाही. पण आमच्या केजच्या घरी गेली काही वर्षे जे चालले आहे ते सांगतो. आवडले तर घ्यावे.

सुरुवात झाली ती २०२० साली. मार्चमध्ये शाळांना कुलुपे लागली आणि गल्लीतली पोरे दिवसभर आमच्या ओसरीवर गोट्या खेळू लागली. मी कॉलेजात मराठी शिकवतो. तेव्हा माझेही वर्ग बंद. मास्तराला समोर पोरे दिसली की त्याची जीभ वळवळतेच. मी कपाटातून ‘श्यामची आई’ काढले आणि ओसरीवर जाऊन बसलो.

हेच पुस्तक का, असे आमच्या घरातूनच विचारले गेले. सौभाग्यवतींचे मत असे की, या पुस्तकावर मराठी माणसाने आजवर इतके अश्रू ढाळले आहेत, की आता मुलांना ते ओलेच हातात मिळते. बोलणे खोटे नाही. आचार्य अत्र्यांनी १९५३ साली त्यावर चित्रपट काढला. पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक त्याला मिळाले आणि थिएटरात रुमालांचा तुटवडा पडला, असे वडीलधारी माणसे सांगत. पण रडण्याच्या या कीर्तीमुळे एक गोष्ट झाकली गेली आहे. हे पुस्तक मुळात घरच्या शाळेचे आहे. साने गुरुजींनी त्याचा बहुतेक मजकूर नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये अवघ्या पाच दिवसांत लिहिला. त्यातला श्याम आश्रमातल्या सोबत्यांना रोज रात्री प्रार्थनेनंतर एक आठवण सांगतो. अशा बेचाळीस रात्री. आणि त्या आठवणींतली आई करते काय? पोहायला पाठवते, फुले कशी तोडावीत ते सांगते, कोणाच्या उपयोगी कसे पडावे ते दाखवते. पुस्तक, फळा, परीक्षा काही नाही. अशा पुस्तकाला वेगळी उपक्रमपुस्तिका कशाला हवी? ती त्याच्या पोटातच आहे.

एक नियम मात्र मी पहिल्याच दिवशी घातला. ‘या गोष्टीवरून आपल्याला काय बोध मिळतो?’ हा प्रश्न ओसरीवर कोणी विचारायचा नाही. वीस वर्षे उत्तरपत्रिका तपासून मला एवढे कळले आहे की, या प्रश्नाला मूल नेहमी बरोबर उत्तर देते आणि त्याच क्षणी गोष्ट विसरते.

म्हणून आम्ही हातांनी सुरुवात केली. पत्रावळ लावता येत नाही म्हणून श्यामला बोलणी खावी लागतात, ती गोष्ट वाचली आणि दुसऱ्या दिवशी पळसाची पाने आणली. बालाघाटच्या बाजूला पळसाला काय तोटा! काड्या कडुनिंबाच्या. गल्लीतल्या एका आजींना गुरू नेमले. त्यांनी सात मुलांच्या चौदा हातांकडे पाहून कपाळाला हात लावला, पण शिकवले. पहिल्या दिवशीच्या पत्रावळींतून वरण सरळ फरशीवर गेले. चौथ्या दिवशी ते पानात थांबले. त्या दिवशी मुलांच्या चेहऱ्यावर जे दिसले, ते निकालाच्या दिवशी दिसत नाही.

श्याम कळ्याच तोडून आणतो आणि आई त्याला त्या फुलू द्याव्यात असे सांगते, ती गोष्ट वाचल्यावर अंगणातल्या शेवंतीच्या एका कळीला तांबडा दोरा बांधला. रोज सकाळी प्रत्येकाने तिचे चित्र काढायचे, बोलायचे काही नाही. आठवडा उलटला तरी कळी आपली जागची हलेना. ‘सर, ही खराब निघाली’ असाही एक अभिप्राय आला. मग एका सकाळी ती उमलली आणि चित्रे काढायचे सोडून सगळी पोरे नुसती बघत राहिली. पुढे तिच्या शेजारच्या कळ्यांना कोणी हात लावला नाही. का, ते मी विचारले नाही.

भाजीत मीठ नसताना घरातले कर्ते पुरुष काही न बोलता जेवतात आणि स्वयंपाक करणारीला ते स्वतः घास घेईपर्यंत कळत नाही, ही गोष्ट तर प्रयोगासाठीच लिहिल्यासारखी आहे. मी सांगितले, एक दिवस घरी काहीही वाढले तरी नाव न ठेवता जेवायचे. एका मुलीने पुढे मजल मारली. आईला विश्वासात घेऊन तिने भाजी अळणीच करवली आणि वडिलांची परीक्षा पाहिली. दुसऱ्या दिवशी निकाल सांगितला, ‘बाबा म्हणाले, मिठाचा भाव लई वाढलाय का?’ वडील नापास. पण त्या घरात जेवताना हसू पिकले हे कमी आहे काय?

नकाशाचे कामही पुस्तकातूनच निघाले. पालगड दापोली तालुक्यात. श्याम शिकायला दापोलीला. धाकट्या भावासाठी साठवलेल्या पैशांतून कोट शिवून घेऊन तो भर पावसात घरी चालत येतो. ‘म्हणजे केजहून अंबाजोगाईला चालत निघायचे, साधारण तेवढे’ असे सांगितल्यावर मुलांनी एकमेकांकडे पाहिले. पण त्यांना अंतरापेक्षा पावसाचे नवल. दापोलीला आमच्या पाचपट पाऊस पडतो, हे त्यांना थाप वाटले. यांनी २०१६ चा उन्हाळा पाहिलेला, निदान घरात ऐकलेला. आमच्या तालुक्यातले मांजरा धरण कोरडे पडले होते आणि लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले होते. कोकणातला श्याम विहिरीत उतरायला घाबरून लपून बसतो, हे वाचल्यावर एका पठ्ठ्याने विचारले, ‘सर, विहिरीला एवढं पाणी असून तो कामून पळतो?’ कोकण आणि मराठवाडा यांतला फरक भूगोलाच्या पुस्तकाने मला इतक्या थोडक्यात कधी सांगितला नव्हता.

अमळनेरच्या शाळेत शिक्षक असताना साने गुरुजी तिथल्या छात्रालयातल्या मुलांसाठी हाताने लिहून दैनिक काढीत. आम्हीही काढले. एक पान, रोज संध्याकाळी भिंतीला. ‘पाटलाच्या आजीची शेळी व्याली, दोन पिल्ले’ ही पहिल्या अंकाची मुख्य बातमी. अग्रलेख लिहिण्यास कोणी तयार झाले नाही, त्यामुळे दैनिकाचा दर्जा चांगला राहिला.

आता जरा अवघड ठिकाणी येतो. घरी हे पुस्तक वाचणाऱ्या आईबापांनी इथे पाने उलटून पुढे जाऊ नये, अशी माझी विनंती आहे.

एका रात्रीची गोष्ट अशी आहे. एका महार म्हातारीच्या डोक्यावरची मोळी खाली पडलेली असते. तिला ती एकटीने उचलता येत नाही आणि शिवाशिवीमुळे कोणी हात लावीत नाही. श्यामची आई त्याला सांगते, जा, मोळी उचलून दे आणि घरी येऊन आंघोळ कर. आमच्या वेळी वर्गात ही गोष्ट आईच्या थोरपणाची म्हणून शिकवत. मी वाचून थांबलो. एक मुलगी, एरवी फारशी न बोलणारी, म्हणाली,

‘सर, चांगलं काम केलं ना त्यानं?’

‘हो.’

‘मग आंघोळ कामून केली?’

ओसरीवर सगळ्या जातींची मुले बसतात. कोणी कोणाकडे पाहिले नाही. ‘तो काळ तसा होता’ हे वाक्य माझ्या ओठांवर आले होते. सोयीचे वाक्य आहे. पण म्हातारीची मोळी त्याने उचलली जात नाही.

मी त्यांना पंढरपूरची हकिगत सांगितली. हे पुस्तक लिहिल्यानंतर चौदा वर्षांनी, १ मे १९४७ रोजी, त्याच साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण सुरू केले. विठ्ठलाचे देऊळ तेव्हा अस्पृश्य मानलेल्या माणसांना बंद होते. आधी महाराष्ट्रभर फिरून त्यांनी लोकांना समजावले होते. दहा दिवस त्यांच्या पोटात अन्न नव्हते. १० मे रोजी देऊळ सर्वांसाठी उघडायचे ठरले, तेव्हा उपोषण सुटले. ‘आईने जेवढे केले तेवढ्यावर मुलगा थांबला नाही,’ मी म्हणालो, ‘तिने मोळी उचलायला लावली. आंघोळ काढून टाकणे त्याच्यावर राहिले होते.’

मुलीने जरा विचार केला. ‘म्हणजे त्याला पण आंघोळीचं खटकलं असंल.’

असेल. पुस्तकात तसे लिहिलेले नाही. पण तिचा अंदाज मला पुष्कळ समीक्षकांच्या लेखांपेक्षा बरा वाटला. एरवी मूल असा प्रश्न विचारते तेव्हा आपण पुस्तकाची बाजू घेऊ लागतो, जणू पुस्तक आपल्या घरचे पाहुणे आहे. पुस्तकाला त्याची गरज नसते. चांगले पुस्तक असल्या प्रश्नाने पडत नाही आणि पडलेच तर पडू द्यावे.

आता गेल्या वर्षीचे सांगतो.

बीड जिल्ह्यातली हजारो कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीला जातात, हे वाचकांनी ऐकले असेल. दिवाळी झाली की गावे निम्मी रिकामी होतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. मुकादम हंगामाआधीच ‘उचल’ देतो, तीच दिवाळीला पुरते, लग्नाला पुरते, दवाखान्याला पुरते. मग ती फेडायला कोल्हापूर-सांगलीकडे, नाहीतर कर्नाटकात, पाच-सहा महिने. राहायचे कोपीत, पहाटे अंधारात फडावर जायचे, उसाची गाडी रात्री कधी भरायला येईल त्याचा नेम नाही.

ओसरीवर येणारा सहावीतला एक मुलगा अशा घरचा. श्यामच्या घरच्या कर्जाची गोष्ट वाचताना शहरातल्या मुलाला जे समजावून द्यावे लागते, ते या मुलाने मला समजावून दिले. सावकाराचा माणूस वसुलीला दारात येतो आणि श्यामच्या आईला जे बोलतो ते वाचल्यावर तो म्हणाला, ‘मुकादमाचा माणूस बी असंच बोलतो. पण तो आत नाही येत, गाडीवरूनच बोलतो.’

त्या आठवड्याचा उपक्रम होता, आपल्या आईचा एक दिवस तासातासाने लिहून काढायचा. बाकीच्यांनी पहाटे पाच वाजल्यापासून लिहिले. याने लिहिले, ‘रात्री दीड. गाडी आली. आई उठली.’

दसऱ्याच्या सुमारास त्याची आई ओसरीच्या पायरीशी येऊन उभी राहिली. ‘सर, यंदा ह्याला संगं न्यावं म्हणतेत ह्याचे वडील. पोरगी दोन वर्षाची हाय. आम्ही फडावर गेल्यावर कोपीत तिला बघायला कोणी नको का?’

‘आजी आहेत ना इथे? आणि शाळेच्या हंगामी वसतिगृहात जेवणाची सोय होते.’

‘ह्याची व्हईल हो. पोरीची कशी व्हईल? तिला मागं ठेवून जाऊ का?’

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. मुलगा खांबाला टेकून ऐकत होता. तो एवढेच म्हणाला, ‘आजीला रात्रीचं दिसत नाही. मी इथं राहतो.’ बापाला ते पटले, की आजीचे कारण नुसते बरे पडले, कोण जाणे. मुलगा राहिला. मला आनंद झाला आणि तो आठ दिवस टिकला. कारण आठ दिवसांनी कळले की पोरीला सांभाळायला त्याच्या मावशीची मुलगी बरोबर गेली. ती आठवीत होती. एकाची शाळा वाचली ती दुसरीच्या शाळेतून वजा झाली. ओसरीवरच्या उपक्रमांची यादी करताना ही नोंदही करायला हवी, म्हणून लिहिली.

भाऊबिजेला मामाने पाठवलेल्या पैशांतून श्यामची आई स्वतःसाठी काही न घेता नवऱ्यासाठी धोतर आणते. दिवाळीची ही गोष्ट आम्ही नेमकी दिवाळीतच वाचतो आणि मुलांना सांगतो, ओवाळणीच्या किंवा खाऊच्या पैशांतून दुसऱ्या कोणासाठी काहीतरी घ्या, मात्र हिशेब मांडा. पेन आली, आजीची तपकीर आली, बहिणीसाठी केसांचे चाप आले. या मुलाच्या हिशेबात एकच ओळ होती, ‘आईच्या फोनचा रिचार्ज.’

मला वाटले, बोलण्यासाठी. ते खरेच, पण आणखीही एक गोष्ट होती, ती मला पुढे महिनाभराने त्याच्या आजीकडून कळली. पुस्तक तो घरी नेऊन ठेवी आणि संध्याकाळी फोन लागला की एक रात्र आईला वाचून दाखवी. तिकडे ती चुलीपुढे भाकरी थापत असे, फोन शेजारी उपडी ठेवलेल्या पातेल्यावर. हळूहळू शेजारच्या कोप्यांतल्या बायकाही ऐकायला येऊ लागल्या. रेंज गेली की गोष्ट अर्धीच राही आणि दुसऱ्या दिवशी कोण कुठवर आले होते यावरून तिकडे वाद होई. आजी म्हणाली, ‘एक बाई म्हणली म्हणं, त्या श्यामच्या बापाला जरा फोनवर घे.’

जानेवारीत मी त्याला विचारले, ‘कुठवर आलास?’

‘पहिल्या रात्रीवर.’

‘अरे, केव्हापासून वाचतोस ना?’

‘सरली होती बरीच. मग परत पहिल्यापासून धरलं.’

मी पुस्तक उघडून पाहिले. आईचे शेवटचे आजारपण जिथून सुरू होते त्या पानाशी शेवंतीचे वाळलेले फूल घालून ठेवले होते. त्याच्या पुढच्या पानांना हात लागलेला दिसत नव्हता. मी पुस्तक मिटून त्याला परत दिले. आमच्या बायकोला सांगितले तेव्हा ती काही न बोलता आत गेली. रुमालाची थट्टा तिने त्यानंतर केलेली नाही.

होमस्कूलिंगवाल्या बाईंना इथे एक व्यावहारिक सूचना द्यावीशी वाटते. पुस्तक पुरे झालेच पाहिजे असा हट्ट धरू नका. बेचाळीस रात्री म्हणजे बेचाळीस दिवस, असला वेळापत्रकी हिशेब तर मुळीच नको. एकेका गोष्टीवर आमचे पंधरा-पंधरा दिवस गेले आहेत आणि काही गोष्टी वाचून नुसते पुढे गेलो आहोत. श्रीखंडाच्या वड्या करून पाहण्याचा एक प्रयोग झाला, त्याविषयी सौभाग्यवतींच्या इच्छेनुसार अधिक लिहीत नाही. आणि वाचायचे ते मोठ्याने. मुलाच्या वाचण्यात अडखळणे असेल तर असू द्या. ऐकणाऱ्याला त्याच अडखळण्यात विचार करायला वेळ मिळतो.

एप्रिलमध्ये गाड्या परत आल्या. दोन-चार दिवसांनी त्या मुलाची आई, कडेवर पोरगी आणि मागे ती आठवीतली मुलगी, असे ओसरीवर आले. हातांवर उसाच्या पाचटाचे ओरखडे तसेच होते.

‘सर, एक विचारू का? हा सारखं पहिल्यापून वाचायचा. शेवट काही सांगेना. त्या बाईचं पुढं काय झालं?’

मुलगा एकदम उठून पाणी आणायला आत गेला.

‘तुम्हाला वाचता येते ना?’ मी विचारले.

‘सातवी झालीय की माझी. मग लग्न झालं.’

मी पुस्तक पुढे केले. तिच्या कडेवर पोरगी होती, म्हणून ते मागच्या मुलीने घेतले. वाळलेले फूल बाजूला ठेवून ती पायरीवर बसली आणि मोठ्याने वाचू लागली. जोडाक्षराला अडत होती, पण थांबत नव्हती. तिची मावशी खांबाला टेकून उभ्याउभ्या ऐकत होती. मुलगा आतून तांब्या घेऊन आला, तो दारातच थांबला.

जूनमध्ये त्या मुलीचे नाव नववीच्या पटावर लागले. पहिले दोन महिने ती रविवारी ओसरीवरही येत होती आणि दैनिकाचे अक्षर तिच्यामुळे पुष्कळ सुधारले. यंदा मुकादम दसऱ्याच्या आधीच येऊन गेला. दोन्ही घरांनी उचल घेतली आहे. पोरीला कोण सांभाळणार, ते हे लिहीपर्यंत ठरलेले नाही.